किनाऱ्यावरच्या गावाची नळयोजना आणि सांडपाणी: मंजुरीला कुठून हात घालावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, सहा वाड्या, लोकसंख्या चौदाशेच्या आसपास. जुनी नळयोजना बंद, एप्रिल अर्धा सरला की दोन वाड्यांना टँकर, खालच्या वाडीतल्या विहिरी मचूळ. त्यात गेल्या काही वर्षांत गावात होमस्टे वाढलेत. ग्रामपंचायत सदस्य म्हणून तुम्हाला नवी योजना मंजूर करून घ्यायची आहे, आणि तिच्यासोबत भुयारी गटारही मागावी असा गावात सूर आहे. ठराव कसा घ्यायचा, फाइल कुठून कुठे जाते, असं तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात शाखा अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. फाइलचा रस्ता सांगतोच. पण कोकणात योजना अडते ती क्वचितच मंत्रालयात. ती अडते विहिरीच्या तळाशी, सातबाऱ्यावर आणि वीजबिलात. म्हणून सुरुवात तिथून करतो.

पहिलं काम उद्भवाचं, म्हणजे पाण्याच्या स्रोताचं. कोकणात साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी टँकर लागतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आपल्याला वाटायला नको. चार महिन्यांत पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपतं, उतारावरून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, लागतं आणि दिवाळीनंतर बघता बघता समुद्रात जातं. त्यामुळे डिसेंबरात तुडुंब दिसणाऱ्या विहिरीवर योजना आखणं म्हणजे स्वतःची फसवणूक. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा उद्भवाचा दाखला फाइलला लागतोच, पण पाहणी कधी होते यावर त्याचा अर्थ ठरतो. पाहणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हावी असं पत्र ग्रामपंचायतीने मार्चमध्येच द्यावं. शिवाय गावाने आपली मोजणी स्वतंत्रपणे करून ठेवावी. ती अवघड नाही.

पंप लावून विहीर जवळजवळ तळाला न्यायची, पंप बंद करायचा आणि खुणा केलेली काठी सोडून तासाला पाणी किती चढतं ते वहीत लिहायचं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर. तासाला १० सेंटिमीटर पाणी चढलं, तर झरा तासाला २,८०० लिटरचा झाला. चोवीस तास हाच वेग धरला तरी दिवसाचे ६८ हजार लिटर. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण पाणी जसं वर येतं तसा झऱ्याचा जोर मंदावतो.

आता मागणी बघा. जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटर. चौदाशे माणसांना ७७ हजार लिटर, उपसलेल्या पाण्यातलं १५ टक्के गळतीत जाईल असं धरलं तर जवळपास ९० हजार. म्हणजे वरची विहीर कागदावरच नापास झाली. आणि हा हिशेब जनगणनेतल्या माणसांचा आहे, मेमधल्या गावाचा नाही. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. अंदाजपत्रक करणारा अभियंता पुढच्या वर्षांची लोकसंख्या काढतो ती जनगणनेच्या आकड्यांवरून, आणि आपल्याकडे ती रेषा सपाट किंवा खाली जाणारी येते. पण मेमध्ये चाकरमानी येतात, लग्नं असतात, आंब्याचा हंगाम असतो, पर्यटक असतात. समजा ५०० चाकरमानी ५५ लिटरने आणि होमस्टेत उतरलेले १५० पाहुणे १३५ लिटरने धरले, तर दिवसाची गरज गळतीसह १ लाख ४७ हजारांवर जाते. गणपतीत माणसं याहून जास्त असतील, पण तेव्हा पाण्याची ददात नसते. योजना आखायची ती मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी. हंगामी लोकसंख्येचा उल्लेख ग्रामसभेच्या ठरावात आणि गाव कृती आराखड्यात आकड्यांसह आला, बंद घरांची आणि होमस्टेच्या खोल्यांची यादी सोबत जोडली, तर अभियंत्याला ती गरज अंदाजपत्रकात दाखवायला आधार मिळतो. यादी नसेल तर तो मनात असूनही काही करू शकत नाही, पुढच्या टेबलावर ते लाल शाईने कापलं जातं.

खाडीकाठी आणखी एक तपासणी करावी लागते, आणि ती शासनाच्या नेहमीच्या तक्त्यात नीट बसत नाही. समुद्रालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी एक मीटरने खाली आली, की खालची खाऱ्या पाण्याची सीमा जवळपास चाळीस मीटर वर सरकू शकते. ढोबळ नियम आहे, जांभ्यात आणि कातळात तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. म्हणून नमुना घ्यायचा तो मेमधल्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, आणि तोही दिवसभर उपसा केल्यावर. सकाळी न उपसलेल्या विहिरीच्या पृष्ठावरचं पाणी बाटलीत भरून नेलं तर अहवाल चांगलाच येणार. पिण्याच्या पाण्याच्या मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १,००० आहेत. क्षार मोजायचं खिशात मावणारं यंत्र मिळतं, ते ग्रामपंचायतीने घेऊन ठेवावं आणि भरती-ओहोटीला आकडे लिहावेत. खाडीची भरती जिथवर व्हाळात शिरते, त्याच्या वरच्या अंगाला विहीर हवी. गावातला मासेमारी करणारा कुठलाही जाणता माणूस ती जागा बोट दाखवून सांगेल.

दुसरं, जागा. विहिरीला एक-दोन गुंठे, टाकीला तेवढीच, पंपघराला थोडी. क्षुल्लक वाटतं. पण आपल्या सातबाऱ्यावर एकेका गटाला तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस नोंद न झालेली. तोंडी होकारावर काम सुरू होतं, खोदाई अर्ध्यावर आली की एक भाऊबंद हरकतीचा अर्ज देतो आणि ठेकेदार यंत्र उचलून दुसऱ्या गावाला जातो. नोटरीचं संमतीपत्र सुरुवातीला चालतं, शेवटी नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव हेच खरं. सह्या घ्यायच्या तर गणपतीत. सगळे गावात असतात, आरतीला एकत्र येतात, आणि त्या दिवसांत पाण्याला नाही म्हणणारा विरळा. गौरीविसर्जन झालं की एसट्या भरून जातात, मग पुढचं वर्ष गेलं म्हणून समजा.

तुमच्या भागात नसेल, पण सावंतवाडी-दोडामार्गकडे खाजगी वन किंवा वनसंज्ञेची (कागदोपत्री वन म्हणून) नोंद असलेली जमीन मध्ये येते आणि सगळे हात टेकतात. ही अडचण वाटते तेवढी मोठी नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याचं पाणी आणि जलवाहिनी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत वनजमीन आणि हेक्टरी ७५ पर्यंत झाडं, एवढी मर्यादा पाळली आणि ग्रामसभेची शिफारस असली, तर हा मार्ग घेता येतो. बऱ्याच ग्रामसेवकांना तो ठाऊक नसतो आणि प्रस्ताव लांबच्या वाटेने जातो.

किनारी नियमन क्षेत्राचं (सीआरझेड) तसंच. २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिक रहिवाशांसाठी पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या सोयी करता येतात, पण परवानगीच्या प्रक्रियेतून जाऊन. भूजल उपशावर मात्र किनाऱ्यालगत कडक बंधनं आहेत. त्यामुळे सुज्ञपणा असा की विहीर, पंपघर आणि टाकी शक्यतो या क्षेत्राच्या बाहेर, म्हणजे व्हाळाच्या वरच्या अंगाला आणि सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, घ्यायची. खाली फक्त वितरणाची नळी न्यायची. जागा ठरवण्याआधी किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर तुमचे गट नंबर बघून घ्या. तुमच्या विहिरीच्या आसपास उद्या कुणी हॉटेलवाला विंधण विहीर मारील ही भीतीही खरी आहे. त्यासाठी २००९ च्या भूजल अधिनियमाचा आधार आहे: सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला बंधन आहे. पण हे आपोआप कुणी बघत नाही, तक्रार गावालाच करावी लागते.

आता फाइल. ग्रामसभेचा ठराव, ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४९ खालची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती (निम्म्या महिला सदस्य असल्या पाहिजेत), गाव कृती आराखडा, मग उपविभागाकडून सर्वेक्षण, उद्भवाचा दाखला, अंदाजपत्रक. ते खर्चाप्रमाणे सक्षम अभियंत्याकडे तांत्रिक मान्यतेला जातं, जिल्हा पाणी व स्वच्छता मिशनसमोर येतं, गरजेनुसार राज्यस्तरीय समितीकडे जातं, प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यारंभ आदेश होतो. मोठी किंवा अनेक गावांची योजना असेल तर जिल्हा परिषदेऐवजी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण येतं. तांत्रिक मान्यता म्हणजे ‘असं बांधलं तर पाणी पोचेल आणि एवढा खर्च येईल’ हे अभियंत्याने लिहून देणं. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘एवढा खर्च करायला शासन तयार आहे’. पहिलीत चूक राहिली की दुसरीची किंमत शून्य, कारण पुढे सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते आणि त्यात उन्हाळे जातात.

कोकणात ही चूक हमखास दोन ठिकाणी होते. एक, नळीच्या चरात मुरूम धरतात आणि निघतो कातळ. मग खर्च वाढतो, किंवा चर एक मीटरऐवजी वीतभर खणला जातो, किंवा नळी सरळ सड्यावर उघडी टाकतात. मार्चमध्ये वणवा लागला की प्लॅस्टिकची नळी मेणासारखी वितळते. सर्वेक्षणाला येणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला सड्यावरून पायी फिरवा, जिथे कातळ उघडा आहे तिथे अंदाजपत्रकात कातळखोदाई किंवा लोखंडी नळी धरायला सांगा. दोन, वाड्यांमधली उंची. वरच्या वाडीत आणि खाडीकाठात साठ-सत्तर मीटरचा फरक असतो. एकाच टाकीवरून दोघांना पाणी दिलं तर खालच्या नळांना धो धो आणि वरच्यांना वारा. वरच्या वाडीला स्वतंत्र छोटी टाकी आणि खालच्या बाजूला दाब तोडणारी सोय हे मुळातच आराखड्यात हवं. विखुरलेल्या वाड्यांमुळे दरडोई खर्च मर्यादेबाहेर जातो म्हणून एखादी वाडी गाळायची सूचना येते. गाळली जाते ती बहुतेक वेळा टोकाची, आणि टोकाला कुणाची वस्ती असते हे वेगळं सांगायला नको. ठरावात सहाही वाड्यांची नावं घराच्या संख्येसह लिहा आणि मर्यादेबाहेरच्या खर्चाची कारणमीमांसा जोडून प्रस्ताव वर पाठवायचा आग्रह धरा. तशी तरतूद आहे.

जुनी योजना बंद का पडली याचा एक पानी खुलासा सोबत द्या. तुम्हाला कुणी विचारण्याआधीच द्या. विहीर चांगली असेल आणि फक्त पंप व नळी गेली असेल, तर दुरुस्ती-वाढीव जोडणीचा प्रस्ताव नव्या योजनेपेक्षा लवकर सुटतो. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली, पण पैशाचा ओघ पूर्वीसारखा नाही. तेव्हा लहान आणि नेमका प्रस्ताव शहाणपणाचा. लोकवर्गणी गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या १० टक्के, डोंगरी-वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांत ५ टक्के. श्रमदानही त्यात धरता येतं. धरणावरच्या प्रादेशिक योजनेत सामील व्हा असं कुणी सुचवलं, तर तुमचं गाव नळीच्या कितव्या नंबरवर आहे ते आधी विचारा. शेवटचं असेल तर नको म्हणा.

वीजबिलाचा हिशेब ग्रामसभेतच फळ्यावर मांडा. ९० हजार लिटर पाणी घर्षणासह ९० मीटर चढवायला, पंप-मोटरची कार्यक्षमता मिळून ५० टक्के धरली तर, दिवसाला ४४ युनिट लागतात. महिन्याला तेराशेच्या वर. हिशेबापुरते युनिटला ८ रुपये धरले तर १० हजार ६०० रुपये. पाणी सोडणारा कर्मचारी ८ हजार, टीसीएल (पाण्यात टाकायची जंतुनाशक) पावडर आणि दुरुस्ती ४ हजार. उघडी घरं २५० असतील तर घरामागे महिना ९० रुपये झाले. हा आकडा ऐकून मागच्या बाकावरून आवाज येणारच. येऊ दे. पाणीपट्टी वर्षाला तीनशे ठेवून निवडून येता येतं, पण मग तिसऱ्या वर्षी महावितरणचा माणूस वायर सोडवायला येतो. बंद घरांनी किमान आकार भरायचा की नाही आणि होमस्टेला मीटर लावून वेगळा दर लावायचा की नाही, हे दोन्ही नळजोडणी देण्याआधी ठरवा. जोडणी दिल्यावर कुणी ऐकत नाही.

आता भुयारी गटार. माझं स्पष्ट मत: मागू नका. बंद गटारात मैला वाहून जायला पाण्याचा वेग सेकंदाला किमान ०.६ मीटर लागतो, आणि म्हणूनच गटार असलेल्या शहरांना माणशी १३५ लिटर पाण्याचा निकष आहे. ५५ लिटरच्या गावात, त्यातही अर्धी घरं वर्षाचे दहा महिने बंद असताना, नळ्या तुंबणार. खाडीकाठची घरं रस्त्याच्या खाली, तिथून मैला वर उचलायला पंप, भूजल वर असल्याने नळ्यांत पावसाचं पाणी, आणि शेवटी शुद्धीकरण केंद्राचं वीजबिल. किनाऱ्यावरच्या नगरपरिषदांनाही हे झेपवताना दमछाक होते, ग्रामपंचायतीचं काय घेऊन बसलात.

तुमचा खरा धोका सेप्टिक टाकी म्हणून खणलेल्या खड्ड्यांचा आहे. होमस्टे उभे राहिले, प्रत्येकाने मागच्या अंगाला जांभ्याचे चिरे लावून तळ उघडा असलेला एक खड्डा केला, वर लादी टाकली आणि ‘सेप्टिक टँक’ म्हणून दाखवला. तो कधी भरत नाही याचा मालकाला अभिमान असतो. भरत नाही, कारण तो शेजारच्या विहिरीत रिकामा होतो. नियमाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर हवा. जांभ्यात पोकळ्या आणि भेगा असतात, म्हणून मी १८ वर थांबत नाही, उताराच्या वरच्या बाजूला असेल तर तीस मीटरही कमीच समजतो. टाकीचा तळ आणि भिंती पक्क्या हव्यात, रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, लांबी रुंदीच्या दुपटीहून कमी नको. पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या, वाडीत हातभर खाली पाणी लागतं, तिथे खड्डा म्हणजे भूजलात सरळ मैला सोडणं. तिथे पक्की टाकी आणि तिचं पाणी जमिनीच्या वर भर घालून केलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यात सोडावं.

टाकीतला गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायला लागतो. उपसून कुठल्या तरी व्हाळात ओतणार असाल तर उपयोग नाही. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींनी मिळून एक गाळप्रक्रिया केंद्र आणि एक उपसा गाडी मागितली तर ते परवडतं. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात मैला गाळासाठी माणशी २३० रुपयांपर्यंत आणि पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे, त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. चौदाशे वस्तीला सांडपाण्याचे ३ लाख ९२ हजार होतात. एवढ्यात गटार होत नाही, शोषखड्डे आणि वाफे होतात.

मोरीच्या पाण्यासाठी तर आपल्याकडे जुनी चाल आहेच, केळीला आणि माडाला सोडायचं. मध्ये जाळीची एक छोटी कुंडी घाला, साबणाचा थर आणि शितं तिथे अडतील, आळं तुंबणार नाही. होमस्टेच्या नोंदणीला ग्रामपंचायतीचा दाखला मागितला जातो, तेव्हा टाकीचा तळ आणि विहिरीपासूनचं अंतर स्वतः जाऊन बघितल्याशिवाय सही करू नका. गावाच्या हातात असलेला हा एकमेव खरा लगाम आहे.

राहिलं हस्तांतरण. ठेकेदार पावसाळ्यात योजना चालू करून दाखवतो आणि ताबा घ्या म्हणून मागे लागतो. ताब्याच्या कागदावर मेमधली चाचणी झाल्याशिवाय सही करायची नाही, आणि तसं ठरावात आधीच लिहून ठेवायचं. त्या चाचणीत सहाही वाड्यांच्या शेवटच्या नळाला बादली लावून किती वेळात भरते ते नोंदवा, शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी चाचणीने, म्हणजे द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग बघून, क्लोरीन ०.२ पीपीएम तरी दिसतं का ते बघा. सोबत प्रत्यक्ष टाकलेल्या नळ्यांचा नकाशा, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा जवळच्या घराच्या कोपऱ्यापासून मीटरमध्ये, आणि पंपाची कागदपत्रं घ्या. ग्रामपंचायतीच्या कपाटात एक प्रत, कर्मचाऱ्याकडे दुसरी.